व्हर्जिनियात ८९ मैलांचं समन्स, एच-१बी आणि डिसेंबरमधलं स्टॅम्पिंग

ओसरी

नमस्कार. धाकट्या दिरांच्या वतीनं विचारते आहे. ते एच-१बी वर आहेत, एडिसनला राहतात, लायसन्स न्यू जर्सीचं. ओरलँडोला जाताना व्हर्जिनियात आय-९५ वर एम्पोरियाजवळ स्टेट ट्रूपरनं थांबवलं. वेगमर्यादा ७०, रडारवर ८९. "किती वेगानं चालला होतात?" असं ट्रूपरनं विचारलं तेव्हा "पंच्याऐंशीच्या आसपास असेल" असं उत्तर त्यांनी दिलं. कागदावर सही करून पुढे गेले. कागदावर "रेकलेस ड्रायव्हिंग" आणि कलम ४६.२-८६२ लिहिलंय, शिवाय जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टाची नोव्हेंबरमधली तारीख आहे.

ऑफिसातले लोक म्हणतात ऑनलाइन दंड भरून मोकळे व्हा. पण कोर्टाच्या साइटवर या केससाठी दंडाची रक्कमच दिसत नाही. डिसेंबरमध्ये मुंबईला व्हिसा स्टॅम्पिंग आहे. आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डाची तारीख अजून लांब.

१. हे साधं तिकीट आहे की आणखी काही?
२. डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, हे लिहायचं का?
३. नोव्हेंबरला त्यांना स्वतः जावं लागेल का?

दक्षिणायन

ओसरी, साइटवर रक्कम दिसत नाही याला कारण आहे. हे तिकीट नाही, फौजदारी गुन्ह्याचा आरोप आहे. व्हर्जिनियात रेकलेस ड्रायव्हिंग हा क्लास १ मिसडिमीनर आहे, म्हणजे तिथल्या किरकोळ गुन्ह्यांमधला सगळ्यात वरचा वर्ग. कमाल शिक्षा १२ महिने तुरुंग आणि २,५०० डॉलर दंड. शिवाय व्हर्जिनियाच्या हद्दीत गाडी चालवण्याचा हक्क सहा महिन्यांपर्यंत काढून घेता येतो. पहिल्याच वेळी, ८९ वर, तुरुंगापर्यंत सहसा जात नाही. पण "दोषी" असा शेरा बसला की तो फौजदारी दोषसिद्धी म्हणूनच बसतो.

न्यू जर्सीकर इथेच फसतात. न्यू जर्सीत मर्यादेच्या १९ वर म्हणजे लायसन्सवर चार पॉइंट आणि दंड, विषय संपला. व्हर्जिनियाच्या ४६.२-८६२ मध्ये दोन स्वतंत्र अटी आहेत. मर्यादेपेक्षा २० मैल किंवा जास्त असाल तर रेकलेस. आणि मर्यादा काहीही असो, ८५ च्या वर असाल तरी रेकलेस. दीर फक्त १९ ने वर होते, पहिल्या अटीत बसत नाहीत. दुसरीत बसले. १ जुलै २०२० पूर्वी हा आकडा ८० होता, त्यामुळे जुन्या माहितीत ८० वाचलंत तर गोंधळू नका. ७० च्या रस्त्यावर लोक गर्दीबरोबर ८६-८७ नं जातात आणि त्यांना वाटतं १६-१७ च तर वर आहोत.

शेजारचीही कल्पना असू द्या, कारण ओरलँडोचा रस्ता तिथूनच जातो. नॉर्थ कॅरोलिनात मर्यादेच्या १५ हून अधिक वर किंवा ८० च्या वर गेलं की क्लास ३ मिसडिमीनर होतो. जॉर्जियात तर बहुतेक सगळेच ट्रॅफिक गुन्हे मिसडिमीनर धरले जातात. एकाच प्रवासात एकाच वेगाला तीन राज्यांत तीन नावं.

आता काय करायचं. क्रमानं सांगतो, कारण क्रम चुकला की हातातले पत्ते जातात.

आधी त्याच काउंटीच्या कोर्टात रोज उभा राहणारा ट्रॅफिक वकील धरा. एडिसनचा ओळखीचा वकील इथे उपयोगाचा नाही. व्हर्जिनियाच्या बारचा सदस्य लागतो आणि त्या न्यायाधीशांची पद्धत माहीत असलेला लागतो. काही काउंट्यांत छोट्या ट्रॅफिक केसेसना सरकारी वकील येतच नाही, ट्रूपर स्वतः साक्ष देतो आणि न्यायाधीश ठरवतात. अशा ठिकाणी वकिलाचं निम्मं काम कोर्ट सुरू होण्यापूर्वी बाहेर ट्रूपरशी बोलण्यात होतं. दिरांना स्वतः यावं लागेल का, हेही न्यायाधीशावर अवलंबून आहे. परराज्यातल्या माणसाच्या वतीनं वकील उभा राहिलेला अनेक ठिकाणी चालतो, पण वेग १०० च्या घरात असेल तर बहुधा नाही. वकिलाकडून लेखी विचारून घ्या.

मग तीन कागद गोळा करा.

न्यू जर्सी एमव्हीसीकडून (तिथलं वाहन खातं) ड्रायव्हर हिस्ट्री अॅब्स्ट्रॅक्ट, १५ डॉलर, ऑनलाइन मिळतो. व्हर्जिनियाच्या न्यायाधीशासमोर न्यू जर्सीच्या माणसाचा जुना रेकॉर्ड आपोआप येईलच असं नाही. स्वच्छ असेल तर तो आपणच ठेवायचा.

ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट क्लिनिकचं आठ तासांचं प्रमाणपत्र. कोर्टानं सांगायची वाट न बघता आधीच करून जावं. फक्त कोणता कोर्स तिथं मान्य होतो ते वकिलाला विचारूनच पैसे भरा.

आणि स्पीडोमीटर कॅलिब्रेशनचा दाखला. याला व्हर्जिनियात कायद्याचा आधार आहे. कलम ४६.२-९४२ नुसार स्पीडोमीटरच्या चाचणीचा निकाल कोर्टानं दोष आणि शिक्षा ठरवताना विचारात घ्यायचा असतो. गाडी रोलरवर चढवून खरा वेग आणि काट्याचा वेग शेजारी शेजारी लिहून देतात. काटा कमी का दाखवतो? कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर बसवले की एका फेऱ्यात चाक जास्त अंतर कापतं, पण मीटर जुनाच हिशेब धरतो. परीघ ३ टक्क्यांनी वाढला तर रस्त्यावर ८९ असताना काटा ८६ च्या आसपास दाखवतो. साडेचार टक्के फरक निघाला तर काटा ८५ वरच. दिरांनी ट्रूपरला "पंच्याऐंशी" म्हटलं, ते तेव्हा जुळेल. मात्र कंपनीतून आलेल्या तशाच गाडीत काटा बहुतेक वेळा थोडा जास्तच दाखवतो. तसा दाखला निघाला तर तो कोर्टात ठेवायचा नाही, वकिलाकडेच राहू द्यायचा.

वकील रडारचे कागदही तपासेल. ट्यूनिंग फोर्क किंवा यंत्राची चाचणी सहा महिन्यांच्या आतली असावी लागते (कलम ४६.२-८८२). जुनी निघाली तर पुरावा लंगडा होतो. यावर सगळी भिस्त ठेवू नका, पण न बघता सोडूही नका.

मागायचं काय? निर्दोष सुटका झाली तर सोन्याहून पिवळं, पण खरं लक्ष्य आरोप खाली आणणं हे आहे. साधं स्पीडिंग (४६.२-८७०), इम्प्रॉपर ड्रायव्हिंग (४६.२-८६९, जिथे दोष किरकोळ आहे असं न्यायाधीशाला वाटतं) किंवा कॅलिब्रेशन जोरदार असेल तर डिफेक्टिव्ह इक्विपमेंट. हे तिन्ही इन्फ्रॅक्शन, म्हणजे नुसते नियमभंग आहेत. व्हर्जिनियाचं कलम १८.२-८ म्हणतं की ट्रॅफिक इन्फ्रॅक्शन हे फौजदारी स्वरूपाचं मानायचं नाही. दंड पन्नास डॉलर कमी की जास्त, याला इथे काही महत्त्व नाही. मिसडिमीनर आणि इन्फ्रॅक्शन यांच्यामधली रेघ ओलांडायची आहे.

निकाल विरुद्ध गेला तर दहा दिवसांत सर्किट कोर्टात अपील करता येतं. तिथे केस पहिल्यापासून, नव्यानं चालते, आणि ज्युरीही मागता येते. दहा म्हणजे कॅलेंडरचे दहा, शनिवार-रविवार धरून. निकालाच्या दिवशी "घरी जाऊन विचार करू" म्हणून मुंबईचं विमान पकडलंत तर हा हक्क गेला.

आणि तारीख चुकवू नका. मिसडिमीनरच्या तारखेला जाणूनबुजून गैरहजर राहणं हा स्वतंत्र क्लास १ मिसडिमीनर आहे, शिवाय अटकेचा हुकूम निघतो. काट्याचा नायटा होतो तो असा. तारीख गैरसोयीची असेल तर वकिलाकरवी आधी पुढे ढकलून घ्या. पहिल्यांदा मागितली तर बहुतेक न्यायाधीश देतात.

लाल_दिवा

दक्षिणायन यांनी कोर्टाची बाजू नीट मांडली आहे. मी इमिग्रेशनची मांडतो.

सगळ्यात आधी भीती कमी करू. फक्त वेगामुळे लागलेलं रेकलेस ड्रायव्हिंग साधारणपणे "नैतिक अधःपतनाचा गुन्हा" या वर्गात जात नाही, कारण त्यात वाईट हेतू सिद्ध करावा लागत नाही. त्यामुळे तेवढ्यावरून देशाबाहेर काढण्याची कारवाई होत नाही आणि एच-१बी चं स्टेटसही संपत नाही. एच-१बी साठी कंपनी आय-१२९ हा अर्ज भरते त्यात कर्मचाऱ्याला कधी अटक झाली का, असा प्रश्न नाही. मात्र दिरांची पत्नी एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) असेल आणि तिलाच असं समन्स आलं असतं, तर तिच्या मुदतवाढीच्या अर्जात, आय-५३९ मध्ये, शेवटच्या प्रवेशानंतर अटक किंवा दोषसिद्धी झाली का, हा प्रश्न आहे. नवरा-बायको आलटून पालटून गाडी चालवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

प्रत्येक फॉर्मचा प्रश्न वेगळा आहे, आणि लोक एकाचं उत्तर दुसऱ्यात चिकटवतात.

डीएस-१६० विचारतो: कोणत्याही अपराधासाठी वा गुन्ह्यासाठी कधी अटक झाली का किंवा दोषी ठरलात का, नंतर माफी मिळाली असली तरी. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, याहून रुंद आहे. त्यात "साइट" केलं का, म्हणजे पोलिसानं असा कागद हातात दिला का, हेही विचारलेलं आहे. नागरिकत्वाचा एन-४०० तसाच. म्हणजे ग्रीन कार्डाची वेळ येईल तेव्हा हे समन्स सांगावं लागणारच, निकाल काहीही लागो. आय-४८५ च्या सूचनांत सूट आहे ती कागद जोडण्यापुरती: दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नाही, प्रत्यक्ष अटक नाही, आणि शिक्षा ५०० डॉलरहून कमी दंड किंवा पॉइंट एवढीच असेल तर कागद जोडायची गरज नाही. लोक ही सूट "सांगायची गरज नाही" अशी वाचतात. तशी ती नाही.

आता डिसेंबरचा डीएस-१६०. तीन शक्यता आहेत.

रेकलेसमध्ये दोषी ठरले, तर उत्तर "होय". याला दुसरी बाजू नाही.

केस अजून चालू असेल किंवा आरोप खाली येऊन इन्फ्रॅक्शन झालं असेल, तर वकिलांमध्येच दोन मतं आहेत. रस्त्याकडेला दहा मिनिटं थांबवून कागद दिला, बेड्या नाहीत, ठसे नाहीत, याला सामान्य भाषेत कोणी अटक म्हणणार नाही. पण व्हर्जिनियाचं कलम ४६.२-९३६, ज्याखाली असं समन्स देतात, त्याचं शीर्षकच "मिसडिमीनरसाठी अटक, समन्सवर सुटका" या धाटणीचं आहे. माझं मत स्पष्ट आहे: आरोप मिसडिमीनरचा होता तर "होय" लिहा आणि खालच्या रकान्यात दोन वाक्यांत खुलासा द्या. वेगाचं समन्स, तारीख, काउंटी, अंतिम निकाल, दंड भरला. "होय" मुळे अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारेल, फार तर २२१(जी) ची चिठ्ठी देऊन कागद मागेल. "नाही" लिहिलं आणि अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर नोंद दिसली, तर विषय वेगाचा राहत नाही, खोटी माहिती दिल्याचा होतो. ती बंदी कायमची असते. झाकली मूठ सव्वा लाखाची हा न्याय कॉन्सुलेटच्या खिडकीत चालत नाही.

केस पूर्ण डिसमिस झाली, तरी वरचाच विचार लागू. "अटक" हा शब्द निकालावर अवलंबून नाही.

मुंबईला जाताना बरोबर काय न्यायचं? समन्सची प्रत, कोर्टाच्या क्लार्ककडून शिक्का मारलेली अंतिम निकालाची प्रत, दंडाची पावती, आणि वकिलाचं एका पानाचं पत्र, ज्यात कोणत्या कलमाखाली काय झालं आणि कमाल शिक्षा किती होती ते लिहिलेलं असेल. साइटवरून काढलेला साधा प्रिंट पुरत नाही. दोन-तीन शिक्क्याच्या प्रती आताच घेऊन ठेवा. ग्रीन कार्ड दहा वर्षांनी येईल, कोर्टं जुने कागद कायम जपून ठेवत नाहीत. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी ची ड्रॉपबॉक्सची (मुलाखतीशिवाय स्टॅम्पिंगची) वाट जवळपास बंद आहे, त्यामुळे दीर प्रत्यक्ष मुलाखतीला उभे राहतील असंच धरून चला.

एक सापळा. काही न्यायाधीश म्हणतात, "दोषी मानण्याइतपत पुरावा आहे, पण निकाल सहा महिने राखून ठेवतो, कोर्स करा, नीट वागा, मग डिसमिस करू." राज्याच्या कायद्यात ही मोठी सवलत आहे. इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धीची व्याख्या स्वतंत्र आहे: गुन्हा कबूल केला किंवा पुरेशी तथ्यं मान्य केली, आणि न्यायाधीशानं कुठलंही बंधन घातलं, तर नंतर डिसमिस झालं तरी ती दोषसिद्धीच. दिरांच्या केसमध्ये मूळ आरोपच हलका असल्यानं आभाळ कोसळणार नाही. पण आजच स्वच्छ इन्फ्रॅक्शन मिळत असेल तर सहा महिन्यांनंतरच्या डिसमिसपेक्षा ते घ्या. शिवाय सहा महिने राखलेली केस म्हणजे डिसेंबरला अजून चालू असलेली केस.

म्हणून कबुली देण्याआधी ट्रॅफिक वकिलाला "अशील नागरिक नाही" हे पहिल्या वाक्यात सांगा. २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर फौजदारी वकिलानं तो अशिलाला सांगायला हवा. पण नागरिक नाही हे त्याला कळलं तर ना. इमिग्रेशन वकीलही शक्यतो स्वतःचा घ्या. कंपनीचा वकील कंपनीचंही हित बघतो.

ओसरी

दोघांचे मनापासून आभार. वकील आजच शोधायला घेतो. एक राहिलं. त्यांनी "पंच्याऐंशी" म्हटलं ते चुकलं का? आणि ट्रूपरनं डिकी उघडून बघू का, असं विचारलं होतं, त्यांनी "हो" म्हटलं. काही सापडलं नाही, पण नाही म्हणता आलं असतं का? सासरे जानेवारीत येणार आहेत, त्यांनाही समजावून सांगायचं आहे.

घाटमाथा

"पंच्याऐंशी" हे उत्तर फार वाईट नाही, कारण ८५ म्हणजे ८५ च्या वर नव्हे. "नव्वद असेल" म्हटलं असतं तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाब झाला असता आणि ट्रूपरनं तो कोर्टात जसाच्या तसा वाचला असता. मात्र ७० ची मर्यादा ओलांडल्याची कबुली त्यातही आहेच. आणि "मला माझे हक्क वाचून दाखवले नाहीत" हा बचाव इथे चालत नाही. १९८४ च्या बर्केमर विरुद्ध मॅकार्टी निकालानुसार रस्त्यावरची साधी थांबवणूक म्हणजे कोठडी नव्हे, म्हणून त्या वेळी मिरांडा सूचना द्यावी लागत नाही. तरीही वेगाच्या प्रश्नाला उत्तर देणं बंधनकारक नाही. "ऑफिसर, त्यावर काही न बोललेलं बरं" एवढं शांतपणे म्हणता येतं. खोटं मात्र बोलायचं नाही.

डिकीला "नाही" म्हणता आलं असतं. संमती मागितली याचाच अर्थ बहुतेक वेळा असा की संमतीशिवाय उघडण्याइतकं कारण त्यांच्याकडे नाही. वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे: "मी तपासणीला संमती देत नाही." त्यानंतरही त्यांनी उघडली तर हात लावून अडवायचं नाही, वाद घालायचा नाही. ते वाक्य पुढे वकिलाच्या कामी येतं. न्यू जर्सीत याहून जास्त संरक्षण आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टानं २००२ च्या कार्टी खटल्यात ठरवलं की सबळ संशय नसेल तर पोलिसानं गाडी तपासायची संमती मागायचीच नाही. व्हर्जिनियात असा नियम नाही, आणि तिथे मागितली जाते.

सासऱ्यांना या गोष्टी सांगा, क्रम महत्त्वाचा नाही:

गाडी उजवीकडे घेऊन थांबवायची, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, रात्री आतला दिवा लावायचा. आपल्याकडे दार उघडून, कागद हातात घेऊन साहेबांकडे चालत जातात. इथे ते अजिबात करायचं नाही, तो धोका समजला जातो. पण पोलिसानं "उतरा" म्हटलं तर उतरायचं. १९७७ च्या मिम्स निकालापासून चालकाला आणि १९९७ च्या विल्सन निकालापासून शेजारी बसलेल्यालाही ते उतरवू शकतात. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्ड दाखवणं बंधनकारक आहे. कागद ग्लव्ह बॉक्समध्ये असतील तर "तिथे हात घालतोय" असं सांगून मगच घालायचा. फोन तपासायला वॉरंट लागतो (रायली विरुद्ध कॅलिफोर्निया, २०१४), तो अनलॉक करून हातात द्यायचा नाही. तिकीट लिहून झाल्यावर कुत्रा येईपर्यंत थांबवून ठेवणं, सबळ संशय नसेल तर, २०१५ च्या रॉड्रिगेझ निकालानं बेकायदा ठरवलं आहे. "मी निघू शकतो का?" हा प्रश्न त्यासाठीच असतो.

समन्सवरची सही म्हणजे हजर राहण्याचं वचन, गुन्ह्याची कबुली नव्हे. तिथे हुज्जत नको.

आणि पैशांचा विषय चुकूनही काढायचा नाही, सूचक बोलणंही नाही. वेगाचा दंड फेडता येतो. लाच देऊ करणं हा गंभीर गुन्हा आहे आणि तो थेट नैतिक अधःपतनाच्या वर्गात जातो.

इमिग्रेशन स्टेटस विचारलं तर? न्यू जर्सीत २०१८ च्या इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्हनुसार स्थानिक पोलिसांनी नेहमीच्या थांबवणुकीत ते विचारायचं नाही. व्हर्जिनियात उलट, २०२५ च्या फेब्रुवारीत गव्हर्नरांनी स्टेट पोलिसांना इमिग्रेशन खात्याशी करार करायचा आदेश दिला होता. असे आदेश गव्हर्नर बदलला की बदलतात. त्यामुळे कुठल्या राज्यात काय चाललंय यावर विसंबण्यापेक्षा कागद बरोबर ठेवा. १८ वर्षांवरच्या परदेशी माणसानं नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा केंद्राचा कायदा आहे, आणि आय-९४, म्हणजे देशात प्रवेशाची नोंद, हा तो पुरावा. दिरांच्या बाबतीत एच-१बी मंजुरीच्या नोटिशीच्या (आय-७९७) तळाशी असलेला आय-९४, सासऱ्यांच्या बाबतीत साइटवरून काढलेला प्रिंट. पासपोर्टची प्रत पाकिटात, मूळ घरी, असं लोक करतात. राज्याबाहेरच्या लांबच्या प्रवासात मी तरी मूळ बरोबर ठेवायला सांगेन.

सासरे स्वतः चालवणार असतील तर भारतातलं लायसन्स अधिक आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ते निघण्यापूर्वी तिथूनच काढावं लागतं, एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्सशिवाय त्याला किंमत नाही. विमा कंपनीला कळवून त्यांचं नाव पॉलिसीत घाला. न कळवता चालवलं आणि अपघात झाला तर दावा अडकतो.

सावकाश_चला

घाटमाथा, एक जोडतो. अटक झालीच तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार "माझ्या दूतावासाला कळवा" म्हणता येतं. व्हर्जिनिया वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाकडे येतं. भारताच्या बाबतीत पोलीस आपणहून कळवायला बांधील नाहीत, मागावं लागतं. कोर्टात दुभाषाही मागता येतो, मराठीचाही, फक्त तारखेच्या बरंच आधी क्लार्कला कळवायला हवं. सासऱ्यांसारख्यांनी "थोडं इंग्रजी येतं" म्हणून निभावू नये. कबुलीच्या वेळी थोडं इंग्रजीच घात करतं.

दक्षिणायन

पॉइंटचं राहिलं होतं. परराज्यातल्या मूव्हिंग व्हायोलेशनला (गाडी चालवताना झालेल्या नियमभंगाला) न्यू जर्सी दोन पॉइंट लावते. व्हर्जिनियाचे सहा पॉइंट व्हर्जिनियाच्याच रेकॉर्डवर राहतात, पण रेकलेसची नोंद तिथे ११ वर्षं दिसते. न्यू जर्सीत तीन वर्षांत सहा पॉइंट झाले की १५० डॉलरचा वार्षिक सरचार्ज सुरू होतो, पुढच्या प्रत्येक पॉइंटला २५, आणि तो तीन वर्षं भरावा लागतो. दिरांच्या नावावर आधीचे चार असतील तर ही गोष्ट आत्ताच मोजा. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्सनं दोन पॉइंट कमी होतात, पाच वर्षांत एकदाच.

लाल_दिवा

हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून दारूचं वेगळं लिहितो, कारण तिथे वर लिहिलेलं "घाबरू नका" लागू नाही.

व्हर्जिनियात पहिला डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवणं) म्हणजे क्लास १ मिसडिमीनर, किमान २५० डॉलर दंड, १२ महिने लायसन्स बंद. रक्तातलं दारूचं प्रमाण ०.१५ किंवा जास्त असेल तर किमान पाच दिवस तुरुंग, ०.२० च्या वर दहा. न्यू जर्सीत हाच प्रकार ट्रॅफिकचा अपराध मानतात, गुन्हा नाही. त्यामुळे तिथल्या मुलांना वाटतं व्हिसाला धक्का नाही. परराष्ट्र खातं हे नाव बघत नाही. नोव्हेंबर २०१५ पासून त्यांचं धोरण असं आहे की गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक दिसली तरी व्हिसा रद्द करता येतो, दोष सिद्ध होण्याची वाट न बघता. ईमेल येतो. स्टेटस त्यानं जात नाही, नोकरी चालू राहते, पण देशाबाहेर गेलात की नवा व्हिसा घ्यावा लागतो. आणि त्या वेळी कॉन्सुलेट ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतं: पाच वर्षांत एक अटक किंवा दहा वर्षांत दोन. त्यात आठवडे जातात. तीन आठवड्यांची रजा काढून गेलेला माणूस तिथेच अडकतो.

रस्त्यावर फुंकायला देतात ते छोटं यंत्र व्हर्जिनियात नाकारता येतं. अटकेनंतर ठाण्यातली चाचणी नाकारली तर लायसन्स एक वर्ष बंद, डीयूआयच्या निकालाशी संबंध न ठेवता. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या बर्चफील्ड निकालानुसार अटकेनंतरच्या श्वासचाचणीला वॉरंट लागत नाही, रक्ताला लागतो.

विद्यार्थ्यांनी एप्रिल २०२५ लक्षात ठेवावा. पोलीस डेटाबेसमधल्या नोंदींवरून हजारो एफ-१ विद्यार्थ्यांचे सेव्हिस रेकॉर्ड (विद्यार्थी व्हिसाच्या सरकारी नोंदी) बंद झाले होते, त्यात किरकोळ ट्रॅफिक केसेस आणि डिसमिस झालेल्या केसेसही होत्या. महिनाअखेरीस सरकारनं ते पूर्ववत केले. अंतिम निकालाची शिक्क्याची प्रत हाताशी होती त्यांना वकील गाठल्याबरोबर कागद दाखवता आले.

घाटमाथा

आणखी दोन गोष्टी, दोन्ही एमव्हीसीच्या काउंटरवरच्या.

लायसन्सची तारीख आय-९४ शी बांधलेली असते. एच-१बी चं एक्स्टेन्शन वेळेत दाखल झालं की २४० दिवस काम करता येतं, पण ती सवलत नोकरीची आहे, लायसन्सची नाही. तारीख उलटलेलं लायसन्स घेऊन व्हर्जिनियात सापडलात तर कलम ४६.२-३०० खाली तोही क्लास २ मिसडिमीनर. ओसरी, नोव्हेंबरच्या तारखेला दीर गाडीनं जाणार असतील तर आधी ही तारीख बघा. आय-७९७ हातात आल्याच्या दिवशीच अपॉइंटमेंट घ्या.

दुसरी, लायसन्स काढताना किंवा पत्ता बदलताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. नागरिक नसलेल्यानं तिथे "नाही" म्हणायचं आणि सही करण्यापूर्वी छापील कागद पूर्ण वाचायचा. काउंटरवरच्या माणसानं घाईत खूण केली असेल तर तिथल्या तिथे खोडून नवा कागद मागा. नागरिक असल्याचा खोटा दावा ही कायमची बंदी आहे आणि तिला माफीची तरतूद जवळपास नाही. ग्रीन कार्डवाल्यांनाही हे लागू.

ओसरी

लायसन्सची तारीख बघितली. १९ ऑक्टोबरला संपते आहे, आय-७९७ मागच्या आठवड्यात आलंय. उद्याचीच अपॉइंटमेंट घेतली. टायर मागच्या वर्षी बदलले होते, मूळ मापाचे की मोठे ते दारावरच्या स्टिकरशी ताडून बघायला सांगितलंय, मग कॅलिब्रेशनला गाडी देऊ.